थकलेल्या भाड्यापोटी जागा खाली करण्याची नोटीस आली आहे; पुढे काय करावे?

शिलाईकाम_कसबा यांचा प्रश्न

नमस्कार. पुण्याच्या कसबा पेठेतील एका जुन्या वाड्यात आम्ही दोन खोल्यांत राहतो. वडिलांनी ही जागा १९७८ साली भाड्याने घेतली होती. लेखी करार कधीच झाला नाही, मात्र भाडेपावत्या मिळत असत आणि वडील गेल्यानंतरही त्या त्यांच्याच नावाने निघत राहिल्या. घरी आता मी आणि माझी पंचाहत्तरीची आई अशा दोघीच आहोत. मी ब्लाउज शिवते आणि पिको-फॉलची कामे घेते. भाडे महिना १,२०० रुपये आहे.

गेल्या वर्षी आई जिन्यावरून पडली आणि तिच्या खुब्याची शस्त्रक्रिया करावी लागली. त्यात साठवलेले सगळे पैसे गेले, शिवाय चार महिने मला मशीनवर बसता आले नाही. मार्च महिन्याचे भाडे दिल्यानंतर मी पुढचे देऊ शकले नाही. त्याच सुमारास जुने मालक वारले. दिवाळीनंतर मी त्यांच्या चिरंजिवांकडे तीन महिन्यांचे पैसे घेऊन गेले असता त्यांनी ते घेतले नाहीत. "आता भाड्याचे राहू द्या, जागेचे काय ते बोला," असे म्हणाले. घेत नाहीत म्हणून मीही पुन्हा गेले नाही, आणि ही माझी चूक झाली हे मला मान्य आहे. आज मेअखेर चौदा महिन्यांचे भाडे थकले आहे.

९ जूनला त्यांच्या वकिलांची नोटीस पोस्टाने आली. भाडे महिना २,००० रुपये असल्याचे लिहून त्यांनी २८,००० रुपये मागितले आहेत, आणि तीस दिवसांत पैसे भरून जागाही रिकामी करावी, अन्यथा दावा लावू, असे म्हटले आहे. मूळ भाडेकरू वारल्यामुळे आम्हा दोघींना येथे राहण्याचा हक्कच उरलेला नाही, असेही त्यात आहे. दोन हजार भाडे आम्ही कधीच कबूल केलेले नव्हते. १५ जूनपासून त्यांनी चौकातील नळाचा कॉक बंद केला असून तेव्हापासून मी शेजारच्या वाड्यातून हंडे भरून आणते. पोलीस चौकीत गेले तर हे दिवाणी प्रकरण आहे, असे सांगून मला परत पाठवण्यात आले. परवा चिरंजीव पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर टाइप केलेला कागद घेऊन आले होते. त्यावर सही केल्यास पन्नास हजार रोख देऊ, असे ते म्हणाले. आईने मला सही करू दिली नाही.

माझी भिशी पुढच्या महिन्यात लागणार आहे आणि तिचे वीस हजार हातात येतील. ते मालकांना द्यावेत, वकिलाला द्यावेत, की दुसरी खोली पाहून अनामत म्हणून ठेवावेत, हे मला कळत नाही. तीस दिवस संपले की आम्हाला बाहेर काढतील का? कृपया जाणकारांनी सांगावे.

लघुवाद_वकील यांचे उत्तर

ताई, नमस्कार. मी गेली बावीस वर्षे पुण्यात भाडेकरू आणि मालक अशा दोन्ही बाजूंचे दावे चालवत आलो आहे. तुमची कागदपत्रे मी पाहिलेली नसल्यामुळे ती पाहणाऱ्या वकिलाचा सल्ला माझ्या या उत्तराच्या वर धरावा. पण आधी मनावरचे ओझे थोडे हलके करतो: तीस दिवस संपल्यावर तुम्हाला कोणीही बाहेर काढू शकत नाही. नोटीस हा न्यायालयाचा हुकूम नव्हे. मालकाला ताबा हवा असेल तर त्याने दावा लावला पाहिजे, त्यात हुकूमनामा (न्यायालयाचा निकालाचा आदेश) मिळवला पाहिजे आणि त्यानंतर दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) करून न्यायालयाच्या बेलिफामार्फतच, म्हणजे आदेश बजावणाऱ्या कर्मचाऱ्यामार्फतच, ताबा घेतला पाहिजे. शांतपणे ताब्यात असलेल्या माणसाला, त्याचा राहण्याचा हक्क संपला आहे असे गृहीत धरले तरी, कायद्याच्या मार्गाशिवाय हुसकावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट शब्दांत सांगितलेले आहे.

तुम्हाला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू होतो. तो ३१ मार्च २०००पासून अमलात आला आणि त्याने १९४७च्या मुंबई भाडे कायद्याची जागा घेतली, म्हणून वडिलांच्या काळातील तुमची भाडेदारीही आता याच कायद्याखाली येते. थकलेल्या भाड्याबाबत त्याचे पंधरावे कलम महत्त्वाचे आहे, आणि त्यात नव्वद दिवसांची मुदत दोन वेळा येते. लोक या दोन मुदतींची गल्लत करतात, म्हणून सावकाश सांगतो.

पहिली मुदत मागणीच्या नोटिशीपासून चालू होते. थकबाकीची लेखी मागणी भाडेकरूवर बजावल्यापासून नव्वद दिवस उलटल्याशिवाय मालकाला भाडे थकल्याच्या कारणावरून ताब्याचा दावा लावता येत नाही, मग नोटिशीत त्याने तीस दिवस लिहिलेले असोत की आठ. तुमच्या हातात नोटीस ९ जूनला पडली असेल तर हे नव्वद दिवस ७ सप्टेंबरला भरतात. या काळात तुम्ही सगळी थकबाकी दिलीत, किंवा देऊ केल्याचा भक्कम पुरावा ठेवलात, तर त्या नोटिशीचा आधारच जातो.

दुसरी मुदत दावा लागून समन्स बजावले गेल्यावर चालू होते. त्या तारखेपासून नव्वद दिवसांच्या आत भाडेकरूने तोपर्यंतचे सर्व भाडे, कायद्याने देय असलेली वाढ आणि थकबाकीवर दरसाल १५ टक्के सरळ व्याज न्यायालयात भरले, पुढे दाव्याचा निकाल लागेपर्यंत भाडे नियमित भरत राहिला आणि न्यायालय सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याच्याविरुद्ध ताब्याचा हुकूमनामा होत नाही. यातली एकही गोष्ट अर्धवट राहिली तर मात्र हे संरक्षण हातचे जाते. "थोडे भरले आहे, बाकीचे नंतर बघू" हा विचार मी अनेक घरांना नडलेला पाहिला आहे.

तुमचा हिशेब असा होतो. १,२०० रुपयांवर दरसाल १५ टक्के म्हणजे एका थकलेल्या महिन्यामागे दरमहा १५ रुपये व्याज. भाडे महिनाअखेर देय धरले तर मेअखेर सर्वांत जुन्या थकलेल्या महिन्याचे तेरा महिन्यांचे व्याज १९५ रुपये, त्यानंतरच्या महिन्याचे १८०, त्यापुढे १६५, असे उतरत जाऊन मे महिन्याचे शून्य. याची बेरीज १,३६५ रुपये होते. भाडे १६,८०० आणि व्याज १,३६५ मिळून १८,१६५. जूनअखेर भरणार असाल तर जूनचे १,२०० आणि वाढीव व्याज २१० धरून १९,५७५. नोटिशीच्या टप्प्यावर व्याज दिलेच पाहिजे असे कलमात नाही, तरीही शक्य असेल तर तेही सोबत द्यावे, असे माझे मत आहे. तुमची दानत यातून दिसते आणि रक्कम कमी पडल्याची ओरड करायला जागा राहत नाही. भिशीचे वीस हजार येणार आहेत, ते पहिल्यांदा याच कामी लावा.

दोन हजारांच्या दराबद्दल सांगायचे तर कायद्याने मालकाला भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ घेता येते, म्हणजे १,२०० रुपयांवर ४८ रुपये. करातील वाढ आणि जागेत केलेली सुधारणा यांचा भाग निराळा असतो. एका नोटिशीने १,२०० चे २,००० होत नाहीत. मात्र अशी वाढ मधल्या वर्षांत त्यांनी कधी लेखी मागितली होती का, तुम्ही ती दिली होती का, हे वकिलांना खरे खरे सांगा, कारण थकबाकीचा आकडा त्यावर हलतो. दावा लागलाच आणि दराचा वाद राहिला, तर दावा चालू असताना वाजवी रक्कम ठरवून द्यावी असा अर्ज न्यायालयाकडे करता येतो. आकडा स्वतःच्या मनाने ठरवून बसू नये.

वडिलांच्या पश्चात हक्क उरला नाही, हे म्हणणे तर साफ चुकीचे आहे. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारी कुटुंबातील व्यक्ती कायद्याच्या व्याख्येप्रमाणे भाडेकरूच असते. वडील गेले तेव्हा तुम्ही दोघी तेथेच राहत होतात, याचे पुरावे गोळा करा: रेशनकार्ड, मतदार यादी, वीजबिल, आईच्या बँक पासबुकावरील पत्ता, आणि जुन्या पावत्यांची पुस्तके असतील तर तीही.

नळाचा विषय मात्र एक दिवसही लांबवू नका. पाणी, वीज, जिन्यातील दिवे, सफाई या अत्यावश्यक सोयी मालकाने तोडू नयेत असे एकोणतिसावे कलम सांगते. त्यासाठी भाडेकरूला न्यायालयात अर्ज करता येतो आणि चौकशी पूर्ण होण्याआधीच सोय पूर्ववत करण्याचा अंतरिम आदेश मिळू शकतो. भाडे थकले असेल तर मालकाने त्यासाठी दावा लावावा, पण म्हाताऱ्या बाईचे पिण्याचे पाणी तोडायला ते कारण पुरत नाही. बंद कॉकचे आणि भरलेल्या हंड्यांचे फोटो काढा आणि शेजाऱ्यांपैकी दोघांची नावे साक्षीदार म्हणून टिपून ठेवा. पोलिसांचे म्हणणे भाड्यापुरते बरोबर आहे, परंतु उद्या कोणी कुलूप लावले, सामान बाहेर काढले किंवा धमकी दिली, तर ते नुसते दिवाणी प्रकरण राहत नाही. अशा वेळी तोंडी न सांगता लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्याची पोच घ्या.

आईने तुम्हाला त्या मुद्रांकावर सही करू दिली नाही, त्यांना माझा नमस्कार सांगा. अशा कागदात बहुधा "स्वखुशीने ताबा सोडत आहे" असे वाक्य असते आणि एकदा सही करून किल्ली दिली की वरचे एकही कलम उपयोगी पडत नाही.

वकिलाच्या खर्चाचे म्हणाल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्यांचे उत्पन्न कितीही असो. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. नोटीस, पावत्या आणि आधारकार्ड घेऊन तेथे जा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. नोटिशीला उत्तर याच आठवड्यात गेले पाहिजे. गप्प राहिलात तर नोटिशीतील मजकूर तुम्हाला मान्यच होता, असे उद्या दाव्यात म्हटले जाईल.

सोलापूरचा_माजी_भाडेकरू यांचे उत्तर

ताई, वकील साहेबांनी जे लिहिले आहे त्यातील "अर्धवट" या शब्दाखाली तुम्ही रेघ मारून ठेवा, कारण आमची जागा त्या एका शब्दापायी गेली. आम्ही सोलापुरात दोन खोल्यांत तेहतीस वर्षे राहत होतो आणि भाडे ९०० रुपये होते. मी यंत्रमागावर कामाला होतो. काम सुटल्यावर सव्वीस महिन्यांचे भाडे थकले आणि मालकाने दावा लावला. समन्स आल्यानंतर मी मेहुण्याकडून उसने घेऊन २३,४०० रुपये मुदतीत न्यायालयात भरले. व्याजही भरायचे असते हे मला कोणी सांगितले नाही, आणि माझ्या वकिलांनाही मी कधी खोदून विचारले नाही. त्यानंतर तीन महिने भाडे भरले आणि पुढे मुलीच्या लग्नाच्या धावपळीत चार महिने भरलेच नाही. माझा समज असा होता की दावा चालूच आहे, तेव्हा निकालाच्या वेळी सगळे एकदम भरता येईल.

निकालात न्यायाधीशांनी नेमक्या याच दोन गोष्टींवर बोट ठेवले. तीस दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील केले, पण तेथेही तेच झाले, कारण चुकलेली तारीख मागे जाऊन कोणाला दुरुस्त करता येत नाही. बेलिफ आले तेव्हा ते आमच्याशी अजिबात वाईट वागले नाहीत. पंचांसमोर ते एकेक वस्तू मोठ्याने उच्चारून लिहून घेत होते: लोखंडी कॉट एक, पितळी हंडा एक, देव्हारा लाकडी एक. माझ्या आईने देव्हाऱ्यातील देव आधीच ओच्यात घेतले होते आणि ती अंगणात उभी होती. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही.

म्हणून हात जोडून सांगतो, भाड्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि दर महिन्याला न्यायालयात भरलेल्या रकमेचे चलन एका वेगळ्या पिशवीत जपा. वकिलांना दर तारखेला विचारा, "या महिन्याचे भरले गेले का?" ते रागावले तरी विचारा. घर तुमचे जाणार असते, त्यांचे नव्हे.

हिंजवडी२७ यांचा उपप्रश्न

मी हिंजवडीत नोकरीला होतो, ती तीन महिन्यांपूर्वी गेली. माझा अकरा महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार असून मासिक रक्कम १८,००० रुपये आहे आणि अनामत पन्नास हजार आहे. तीन महिन्यांचे पैसे थकले आहेत आणि कराराची मुदत पुढच्या महिन्यात संपते. मालक म्हणतात की मुदत संपताच कुलूप बदलतील. मलाही वरचे नव्वद दिवस मिळतील का? शिवाय अनामत दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही असे मी वाचले होते, ते माझ्या बाबतीत लागू आहे का?

लघुवाद_वकील यांचे उत्तर

नाही, आणि हे तुम्ही आताच विचारले ते फार बरे झाले. ताई भाडेकरू आहेत आणि तुम्ही परवानाधारक, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणारे, आहात. कायदा तोच असला तरी तुमच्यासाठी त्याचे दार वेगळे आहे. पंधराव्या कलमाचे संरक्षण तुम्हाला नाही. तुम्हाला चोविसावे कलम लागू होते. मुदत संपल्यावर परवानाधारकाने जागा सोडायची असते, आणि त्याने ती सोडली नाही तर मालक दिवाणी दावा न लावता सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करतो. मुदतीनंतर जितके दिवस राहाल तितक्या दिवसांची नुकसानभरपाई ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने द्यावी लागते, म्हणजे तुमच्या बाबतीत महिना ३६,००० रुपये. त्या अर्जाचे समन्स मिळाल्यावर तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र दाखल करून आपली बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही तर मालकाचे म्हणणे तुम्हाला मान्य आहे असे धरून आदेश होतो.

तरीही कुलूप बदलण्याचा अधिकार मालकाला मिळत नाही. प्राधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तुमचे सामान अडवले किंवा बाहेर काढले, तर ताबा गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३च्या सहाव्या कलमाखाली ताबा परत मागता येतो. दोन महिन्यांच्या अनामतीची मर्यादा केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यातील आहे. तो राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे, आणि राज्याने तो स्वतःचा कायदा म्हणून केल्याखेरीज तुमच्या कराराला तो लागत नाही.

तुमच्या ठिकाणी मी असतो तर मुदत संपण्याची वाट पाहिली नसती. थकलेले ५४,००० आणि अनामत ५०,००० यांत फक्त चार हजारांचे अंतर आहे, पण अनामत आपोआप भाड्यात वळती होत नाही. त्यासाठी मालकांची लेखी संमती लागते. चालू महिन्याची रक्कम धरून हिशेब मांडा, आज ना उद्या ईमेलने तो त्यांच्यापुढे ठेवा, अमुक तारखेला जागा सोडतो असे लिहा, आणि सोडताना मीटरच्या आकड्यासह ताबापावती घ्या. मुदतीनंतर तेथे काढलेला एकेक महिना तुम्हाला परवडणारा नाही.

निवृत्त_शिक्षिका_नाशिक यांचे उत्तर

मी मालक आहे आणि माझी बाजूही येथे कोणीतरी मांडावी असे मला वाटते. नाशिकमधील एका सदनिकेचे भाडे हा माझ्या औषधपाण्याचा आधार आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाडेकरूने पाच महिने पैसे दिले नाहीत. पैसे नसल्याचा मला तितका राग आला नाही. फोन उचलणे त्याने बंद केले, जिन्यात मला पाहून तो परत वर जाऊ लागला, त्याने माझे मन फार दुखावले. कायदा हातात घ्यावा असे मला कधीच वाटले नाही, पण वकिलांकडे जाण्याचा विचार मात्र त्या लपण्यामुळेच माझ्या मनात आला.

शेवटी त्याची पत्नी माझ्याकडे आली. तिने वहीच्या एका पानावर लिहून आणले होते की दर महिन्याचे भाडे अधिक तीन हजार, असे अमुक महिन्यापर्यंत फेडू. मी त्यावर सही केली, तिनेही केली, आणि ठरल्याप्रमाणे एकच हप्ता आठ दिवस उशिरा आला. ताईंच्या मालकांना जागाच हवी आहे असे दिसते, त्यामुळे त्यांच्यापुढे असा कागद चालेलच असे मी म्हणत नाही. परंतु ज्या भाडेकरूंचे अजून दोन-तीन महिनेच थकले आहेत त्यांनी नोटिशीची वाट न पाहता मालकाच्या दारात जावे, आणि जे ठरेल ते लिहून घ्यावे. आणखी एक सांगते: पैसे मिळाल्यावर पावती देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा ती मागताना संकोच करू नये. मी स्वतः पावतीपुस्तक ठेवते आणि मागितली नाही तरी देते.

शिलाईकाम_कसबा यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. झालेली प्रगती लिहिते. विधी सेवा प्राधिकरणाकडून मला एक वकील मिळाल्या असून त्यांनी माझ्याकडून एक रुपयाही घेतला नाही. आमच्या ट्रंकेत वडिलांनी दोऱ्यात ओवून ठेवलेल्या पावत्या सापडल्या. सर्वांत जुनी पावती ३५ रुपयांची आहे आणि दर कसा वाढत गेला ते त्यांतून ओळीने दिसते. दोन हजारांची पावती अर्थातच एकही नाही. वकील बाईंनी तो सगळा जुडगा न उसवता तसाच झेरॉक्स करायला लावला.

नळासाठी त्यांनी प्रथम मालकांच्या वकिलांना पत्र पाठवले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी न आल्यास न्यायालयात अर्ज दाखल करू, असे कळवले. अर्जाची वेळ आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आले. कोणी सोडले हे कोणी बोलले नाही. आईने त्या दिवशी पहिला तांब्या तुळशीला घातला.

भिशी लागल्यावर आम्ही १९,५७५ रुपयांचा डिमांड ड्राफ्ट काढला. जुन्या मालकांच्या पश्चात भाडे नेमके कोणाला द्यायचे हा प्रश्न होता, म्हणून वकील बाईंनी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा (जागा कोणाच्या नावे आहे हे दाखवणाऱ्या नोंदीचा) उतारा काढला. त्यावर अजून वडील मालकांचेच नाव आहे. तेव्हा ज्यांनी नोटीस दिली त्या चिरंजिवांच्या नावे ड्राफ्ट काढला आणि इतर वारसांचा हक्क असल्यास कळवावे, असे उत्तरात लिहिले. दोन हजारांचा दर आणि हक्क नसल्याचे म्हणणे आम्ही नाकारले. ते पत्र ड्राफ्टसह पोस्टाने पोचपावती जोडून पाठवले, आणि ते काल "घेण्यास नकार" असा शेरा घेऊन परत आले. जुलैच्या भाड्याचे आता काय करावे, आणि हे परत आलेले पाकीट उघडून ड्राफ्ट बँकेत रद्द करून घ्यावा का, एवढे दोनच प्रश्न उरले आहेत. वकील बाई दोन दिवस बाहेरगावी आहेत, म्हणून येथे विचारते.

लघुवाद_वकील यांचे उत्तर

पाकीट उघडू नका. पोस्टमनचा शेरा, तारीख आणि शिक्का दिसेल असा दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि ते बंद स्थितीतच वकील बाईंच्या हाती द्या. भाडे देण्याची तुमची तयारी होती आणि मालकाने ते नाकारले, याचा याहून चांगला पुरावा तुम्हाला मिळणार नाही, आणि तो साक्षीच्या वेळी न्यायालयासमोरच उघडलेला बरा. ड्राफ्टची मुदत तीन महिन्यांची असते; ती टळली तरी पैसे तुमच्या खात्यात परत घेण्याची सोय बँकेत होते, त्यामुळे ते बुडण्याची भीती नाही. मात्र त्याच रकमेइतकी तजवीज दाव्याच्या समन्ससाठी हाताशी राहू द्या, कारण नाकारलेले भाडे हे माफ झालेले भाडे नसते.

जुलैचे १,२०० रुपये महिनाअखेर मनिऑर्डरने पाठवा. निरोपाच्या जागी "जुलै महिन्याचे भाडे, दोन खोल्या" एवढे लिहा, आणि मनिऑर्डर परत आली तर पोस्टाची पावती व परतीचा कागद दोन्ही एकत्र टाचून ठेवा. ऑगस्टमध्येही तेच करा. समन्स आले तर ते ज्या दिवशी हातात पडेल त्याच दिवशी वकील बाईंना फोन करून सांगा. तेथून कैफियतीची (दाव्याला लेखी उत्तर देण्याची) तीस दिवसांची आणि रक्कम भरण्याची नव्वद दिवसांची मोजणी चालू होते.